छापील अँपिअर आणि खरा प्रवाह : रिमोटच्या गाड्यांसाठी परवडणाऱ्या वेगनियंत्रकांचा आढावा

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यालगत पसरलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या, म्हणजे आताच्या सीजी पॉवरच्या, कारखान्यात विजेच्या मोटरी तयार होतात; पूर्वी लार्सन अँड टुब्रोच्या आणि २०२० मध्ये श्नायडर समूहाच्या ताब्यात गेलेल्या कारखान्यात अशा मोटरी चालू-बंद करणारे व त्यांचे रक्षण करणारे स्विचगिअर तयार होते; आणि एक्साइडच्या कारखान्यात बॅटऱ्या तयार होतात. मोटर, तिच्यावर ताबा ठेवणारे साधन आणि विजेचा साठा या तीनच गोष्टींवर रिमोटने चालणारी हौसेची छोटी गाडीही उभी असते. तरीही कारखान्यातील मोटरीसाठी योग्य स्टार्टर निवडणे हे आयटीआय झालेल्या मुलाला सहज जमणारे काम मानले जाते, तर पाचशे-हजार रुपयांत गाडीचा वेगनियंत्रक निवडताना अभियांत्रिकीचे विद्यार्थीही फसतात. या फरकाचे कारण तंत्रज्ञानापेक्षा माहिती कोणत्या वस्तूवर छापलेली असते यात अधिक आहे.

कारखान्यातील मोटरीच्या अंगावर नेमप्लेट असते. तिच्यावर किलोवॅट, व्होल्टेज, पूर्ण भाराला लागणारा प्रवाह, मिनिटाचे फेरे आणि ड्यूटीचा वर्ग कोरलेला असतो. एस१ म्हणजे दिवसभर अखंड चालू शकणारी मोटर आणि एस२ म्हणजे ठरावीक थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यावी लागणारी मोटर. इलेक्ट्रिशियन ती पाटी वाचतो, त्या प्रवाहाला पुरेल असा कॉन्टॅक्टर घेतो आणि ओव्हरलोड रिले त्याच आकड्यावर लावतो. कॉन्टॅक्टरवरसुद्धा एकच आकडा नसतो : साध्या हीटरसाठी एक, मोटर सुरू-बंद करण्यासाठी त्याहून कमी आणि मोटर वारंवार उलटसुलट फिरवायची असेल तर आणखी कमी, असे भाराच्या जातीप्रमाणे वेगवेगळे अँपिअर दिलेले असतात. छंदाच्या बाजारात हे सगळे उलटे झालेले दिसते. मोटरीवर बहुधा काहीच छापलेले नसते, आणि तिच्या नियंत्रकावर मात्र मोठ्या अक्षरांत एक भरघोस आकडा असतो. त्यामुळे घेणारा नियंत्रकाच्या आकड्यापासून विचार सुरू करतो. खरे तर विचार मोटरीपासून, आणि त्याच्याही आधी गाडीच्या वजनापासून व गिअरपासून सुरू व्हायला हवा. पैसे कमी असतील तर मोठा नियंत्रक शोधण्यापेक्षा मोटर लहान करणे हाच बहुतेक वेळा खरा मार्ग ठरतो.

वेगनियंत्रक, ज्याला हौशी मंडळी सरसकट ईएससी म्हणतात, तो करतो काय हे आधी पाहिले पाहिजे. मोटरीचा वेग कमी करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे तिच्या वाटेत रोध घालणे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली ती १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर, आणि त्यानंतर अनेक दशके मुंबईच्या लोकल स्थानकातून सुटताना मोटरींच्या वाटेतील रोध टप्प्याटप्प्याने काढून टाकत वेग घेत असत. या पद्धतीत नको असलेली वीज रोधात उष्णता होऊन वाया जाते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पॉर्शे ९३४ ही रिमोटवर धावणारी मोटार विकायला काढली, तेव्हापासून १९८०च्या दशकापर्यंतच्या हौशी गाड्यांत हाच उपाय छोट्या रूपात होता : एक सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर, तांब्याच्या पट्टीवरून एक फिरती जीभ सरकवत असे आणि चिनीमातीच्या आवरणातील रोध त्या हिशोबाने वाटेत येत किंवा बाहेर पडत असे. हळू चालणारी गाडी या व्यवस्थेत वेगवान गाडीइतकीच बॅटरी गिळत असे.

आजचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीज अडवत नाही, तो ती तोडून तोडून देतो. मॉस्फेट नावाचा अर्धवाहक स्विच सेकंदाला हजार किंवा त्याहून अधिक वेळा चालू-बंद होतो. त्या प्रत्येक आवर्तनात तो जितका काळ चालू राहील तितक्या प्रमाणात मोटरीला सरासरी व्होल्टेज मिळते, आणि या प्रमाणाला ड्यूटी सायकल म्हणतात. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असलेला स्विच फारच थोडी वीज स्वतःत जिरवतो, म्हणून काडेपेटीएवढी वस्तू मोठा प्रवाह सांभाळू शकते. गाडी मागेही जायला हवी असेल तर असे चार स्विच इंग्रजी एच अक्षराच्या आकारात जोडावे लागतात. या मांडणीला एच-ब्रिज म्हणतात, आणि कोणती तिरपी जोडी चालू आहे यावर मोटरीची दिशा ठरते.

नियंत्रकाला हुकूम मिळतो तो रिसीव्हरकडून. साधारण दर वीस मिलिसेकंदांनी एक पल्स येते. ती दीड मिलिसेकंद रुंद असेल तर थांबायचे, दोनच्या दिशेने वाढली तर पुढे आणि एकच्या दिशेने घटली तर मागे, असा हा जुना आणि जगभर चालणारा संकेत आहे. बाजारात एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन जाती येथेच वेगळ्या होतात. ईएससीला ही पल्स समजते, तर मोटर ड्रायव्हर म्हणून मिळणाऱ्या सर्किटच्या पाट्यांना बहुधा समजत नाही, त्यामुळे त्यांच्या आणि रिसीव्हरच्या मध्ये आर्डुइनोसारखा एखादा नियंत्रक बसवून प्रोग्रॅम लिहावा लागतो. शंभर रुपयांची पाटी म्हणून घेतलेली वस्तू शेवटी चारशेला पडते ती यामुळेच. रोबोट बनवणाऱ्या विद्यार्थ्याकडे आर्डुइनो आधीच असतो, त्याला हा खर्च दिसत नाही. केवळ गाडी चालवायची असलेल्याला मात्र तो लगेच जाणवतो.

निवडीचा गाभा असलेल्या प्रवाहाच्या प्रश्नाला थोडी जागा देणे आवश्यक आहे. एक-दशांश प्रमाणाच्या हौशी मोटारीत सर्वाधिक आढळणारी ब्रश्ड मोटर ५४० या आकाराची असते. ब्रश्ड म्हणजे जिच्यात कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला वीज पोहोचवतात ती. या आकाराची माबुचीची साधी मोटर ७.२ व्होल्टवर रिकामी फिरताना जेमतेम अडीच अँपिअर घेते, सर्वाधिक कार्यक्षमतेच्या जागी तेराच्या आसपास घेते, आणि चाक दगडात अडकून ती जागीच थांबली तर सत्तर अँपिअरच्या आसपास ओढते. एकाच मोटरीच्या या तीन आकड्यांत जवळजवळ तीसपटीचा फरक आहे, आणि नियंत्रकाची निवड यांपैकी कोणत्या आकड्यावर करावी हाच सारा वाद आहे. सपाट मैदानावर पळवायच्या गाडीला दुसरा आकडा महत्त्वाचा, तर दगडधोंड्यांवर चढणाऱ्या क्रॉलर गाडीला तिसरा, कारण तिचा अर्धा वेळ अडकण्यातच जातो. मोटरीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणून तेच वजन मोठ्या पिनियनने, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरील जास्त दात्यांच्या गिअरने, ओढायचे ठरवले की वेग वाढतो आणि प्रवाहही वाढतो. तीस रुपयांचा लहान पिनियन अनेकदा हजार रुपयांच्या नियंत्रकाचे काम करतो, हे छंदाच्या चर्चांत फारसे बोलले जात नाही.

नेमप्लेट नसलेल्या मोटरीचा अडकल्यावरचा प्रवाह शोधण्याची एक साधी रीत आहे. मोटरीचा दांडा घट्ट धरून तिच्यातून एक अँपिअर प्रवाह सोडायचा आणि तिच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने पाहायचे, ते ०.१ व्होल्ट भरले तर मोटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम, आणि ७.२ व्होल्टला तो प्रवाह ७२ अँपिअर होतो. दांडा थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी मोजले तर ब्रशच्या स्थितीमुळे येणारा फरक सरासरीत जातो. धावतानाचा प्रवाह पाहायला औद्योगिक वसाहतीतील इलेक्ट्रिशियनकडचा टाँग टेस्टर उसना घ्यावासा वाटतो, पण साधा टाँग टेस्टर फक्त एसी प्रवाह दाखवतो. बॅटरीच्या डीसी प्रवाहासाठी हॉल सेन्सर असलेला, डीसीची खूण असलेलाच लागतो. साध्या मल्टिमीटरचा दहा अँपिअरचा फ्यूज ५४० मोटर पहिल्याच झटक्यात उडवते. बॅटरी आणि नियंत्रकाच्या मध्ये जोडायचा छोटा वॉटमीटर हा यावरचा स्वस्त उपाय असून, एकापेक्षा जास्त गाड्या बनवणाऱ्याने पहिला खर्च त्यावर करावा असे म्हणण्यास जागा आहे.

आता छापील आकड्याकडे वळता येईल. ब्रश्ड मोटरीसाठी चारशे ते आठशे रुपयांच्या दरम्यान मिळणाऱ्या, नाव नसलेल्या एका नियंत्रकावर ३२० अँपिअर असे लिहिलेले असते. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो, बॅटरीचे नाममात्र व्होल्टेज ७.४ धरले तर हा आकडा २३६८ वॅट होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आलेल्या, अहिल्यानगर जिल्ह्यातच तयार होणाऱ्या ई-लुनाची मोटर १.२ किलोवॅटची आहे. म्हणजे माणसाला आणि त्याच्या ओझ्याला घेऊन जाणाऱ्या वाहनाच्या जवळजवळ दुप्पट शक्ती तळहातावर मावणाऱ्या या डबीतून जाते असा तो दावा ठरतो. त्या डबीला डकवलेल्या बारीक तारांतूनच इतका प्रवाह जाणे अशक्य आहे. हा आकडा येतो कोठून, हे समजले की त्याचा राग येत नाही : मॉस्फेट बनवणारी कंपनी तिच्या माहितीपत्रकात, स्विचचे तापमान पंचवीस अंश राखले तर तो किती प्रवाह वाहील, हे देते, विकणारा त्या आकड्याला समांतर जोडलेल्या मॉस्फेटच्या संख्येने गुणतो आणि गुणाकार डबीवर छापतो. प्रत्यक्षात अशा डबीवर वीस ते तीस अँपिअरपेक्षा जास्त सतत भार टाकू नये. गंमत अशी की साध्या ५४० मोटरीला सपाटीवर तेवढेच पुरेसे असते, त्यामुळे खोटा आकडा छापलेली ही वस्तू तिच्या खऱ्या जागी वाईट ठरत नाही. तिच्यातील खरा दोष दुसराच आहे, आणि तो बॅटरीच्या संदर्भात पुढे येईल.

प्रामाणिक छापाचे उदाहरण म्हणून हॉबीविंगच्या क्विकरन १०६० या नियंत्रकाकडे पाहता येते. त्यावर पुढे जाताना ६० आणि मागे जाताना ३० अँपिअर असे दोन आकडे असतात, पाण्याचा व धुळीचा बंदोबस्त असतो, आणि मोटरीची मर्यादा अँपिअरऐवजी टर्नमध्ये दिलेली असते. टर्न म्हणजे मोटरीच्या प्रत्येक दातावर गुंडाळलेल्या तारेचे वेढे. वेढे कमी तितका रोध कमी आणि प्रवाह जास्त. दोन सेलच्या लिपोवर बारा किंवा अधिक टर्नची मोटर, तीन सेलवर अठरा किंवा अधिक, अशी ही मर्यादा आहे, आणि ती कॉन्टॅक्टरवरील भाराच्या वर्गवारीच्या सर्वांत जवळ जाणारी, म्हणून उपयोगी. दोन छोट्या जंपरने बॅटरीची जात आणि चालवण्याची पद्धत बदलता येते. मैदानी गाडीसाठी पुढे-ब्रेक-मागे, क्रॉलरसाठी ब्रेकविना थेट पुढे-मागे. किंमत दोन ते तीन हजारांच्या घरात जाते. शंभर तास चालणाऱ्या गाडीत ती वसूल होते. वार्षिक प्रदर्शनापुरत्या प्रकल्पात होत नाही.

याच्या खालच्या पातळीवरचे पर्याय मोटरीच्या आकाराप्रमाणे पाहिले की गोंधळ कमी होतो. मोडक्या खेळण्यातील आरएक्स-२ जातीची चिप असलेली पाटी मोटर फक्त चालू किंवा बंद करते, वेग कमी-जास्त करत नाही, म्हणून ती या चर्चेत नावापुरतीच आहे. तीन व्होल्टच्या १३० आकाराच्या खेळण्याच्या मोटरीसाठी सर्वांत स्वस्त खरा वेगनियंत्रक म्हणजे गिअर तुटलेल्या नऊ ग्रॅमच्या सर्वोमधील पाटी : तिच्यात एच-ब्रिज आहे आणि रिसीव्हरची पल्स तिला मुळातच कळते. तिच्यावरील पोटेन्शिओमीटर काढून तेथे सारख्या किमतीचे दोन रोध टाकले की ती मोटर पुढे-मागे चालवू लागते. मात्र तिची वेगाची चढण फार आखूड असते, काठी थोडी सरकली की मोटर पूर्ण वेग घेते, आणि एका अँपिअरच्या आसपास तिची ताकद संपते. फुकटात मिळणाऱ्या वस्तूकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करण्याचे कारण नाही.

पिवळ्या गिअरच्या बीओ मोटरींसाठी महाविद्यालयांत सरसकट एल२९८ची लाल पाटी वापरली जाते, आणि ही सवय मोडण्यासारखी आहे. या चिपमध्ये मॉस्फेट नसून जुन्या पद्धतीचे द्विध्रुवी ट्रान्झिस्टर आहेत. एका अँपिअरला तिच्यातच दोन-तीन व्होल्ट खर्ची पडतात आणि दोन अँपिअरला ही तूट आणखी वाढते. दोन सेलच्या बॅटरीतले ७.४ व्होल्ट मोटरीपर्यंत पाचच्या आसपास पोहोचतात आणि उरलेले त्या काळ्या हीट सिंकला तापवतात. तिचा बचाव एवढाच की ती चाळीस व्होल्टच्या पुढेही टिकते आणि नवशिक्याच्या चुका सोसते. लहान मोटरींना मॉस्फेटवर आधारलेली टीबी६६१२ची पाटी सरासरी १.२ अँपिअरपर्यंत जवळजवळ त्याच पैशांत अधिक चांगले काम देते. त्याहून मोठ्या, बारा व्होल्टच्या जॉन्सन गिअर मोटरींना किंवा मोटारीच्या भंगारातून आणलेल्या वायपर मोटरींना बीटीएस७९६०ची पाटी लावली जाते. तिच्यावर ४३ अँपिअर लिहिलेले असते, पण तिच्या मागचा ॲल्युमिनियमचा तुकडा त्याच्या निम्मीही उष्णता फार वेळ बाहेर टाकू शकत नाही. दहा-बारा अँपिअरपर्यंत ती विश्वासू आहे, आणि चिपमध्येच जादा तापमानाचे संरक्षण असल्याने चूक झाल्यास ती जळण्याऐवजी बहुधा थांबते. सायट्रॉनच्या एमडी१०सी या पाटीवर सतत तेरा आणि दहा सेकंदांपुरते तीस अँपिअर असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात; एस१ आणि एस२च्या भाषेत बोलणारी छंदाच्या बाजारातील ही दुर्मीळ वस्तू असली, तरी तिची किंमत हजाराच्या पुढे जाते. पुण्यात २००८ आणि २०१४ साली आशियाई-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा झाली, आणि राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मोटर ड्रायव्हरांची ओळख रुजण्यात अशा स्पर्धांचा वाटा मोठा आहे. मात्र रोबोटसाठी घडलेली ही जाण गाडीला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण रोबोटचा सामना काही मिनिटांत संपतो आणि गाडी बॅटरी संपेपर्यंत धावते.

अहिल्यानगरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे, त्यामुळे रणगाड्याची प्रतिकृती हा या भागातील हौशी मुलांचा स्वाभाविक विषय ठरावा. रणगाडा वळतो तो दोन्ही पट्ट्यांच्या वेगातील फरकाने. त्यामुळे प्रतिकृतीला दोन मोटरी आणि दोन नियंत्रक लागतात. ट्रान्समीटरमध्ये दोन काठ्यांचे किंवा चॅनेलांचे मिश्रण करण्याची सोय असेल, आणि फ्लायस्कायच्या एफएस-आय६सारख्या स्वस्त ट्रान्समीटरमध्येही ती विमानांसाठी दिलेली असते, तर दोन साधे ब्रश्ड नियंत्रक पुरतात. मिश्रण करणारा महागडा दुहेरी नियंत्रक घेण्याची गरज उरत नाही. जागेवर वळताना पट्टा जमिनीवर घासत आडवा ओढला जातो आणि प्रवाह सरळ धावण्यापेक्षा कितीतरी वाढतो, हे धरून नियंत्रक निवडावा.

ब्रशलेस मोटरींनी या सर्व चित्रात भर घातली आणि मोहही वाढवला. या मोटरीत ब्रश नसतात. बाहेरील तीन वेटोळ्यांना आळीपाळीने वीज देऊन चुंबक फिरवला जातो, आणि हे आळीपाळीचे काम नियंत्रकाचे. नागापूरच्या कारखान्यांत ज्याला नुसते ड्राइव्ह म्हणतात ते यंत्र आतून याच जातीचे आहे : ते आधी एसीची डीसी करते आणि मग तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची तीन फेजची वीज घडवते, छंदाचा नियंत्रक बॅटरीमुळे पहिल्या पायरीतून सुटतो. मुंबईच्या लोकलनेही २००७ पासून हीच वाट धरली. ब्रशलेस मोटर त्याच वजनात जास्त शक्ती देते आणि तिला झिजणारे ब्रश नसतात. तिच्या वेगाची खूण केव्ही या आकड्यात असते, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. ३००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर रिकामी २२,२०० फेरे घेईल आणि तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३३,३०० फेरे. सेल वाढवला की वेग दीडपट होतो, प्रवाहही वाढतो, आणि कालपर्यंत ठीक चालणारा नियंत्रक आज जळतो, याचे कोडे येथेच सुटते.

स्वस्त ब्रशलेसची खरी अडचण हळू चालण्यात आहे. सेन्सर नसलेला नियंत्रक चुंबकाची जागा वीज न दिलेल्या वेटोळ्यात उमटणाऱ्या उलट व्होल्टेजवरून ओळखतो, आणि मोटर थांबलेली असताना असे व्होल्टेज मुळात नसतेच. म्हणून गाडी सुरू होताना अडखळते, थरथरते, कधी उलटीही हलते. विमानाच्या पंख्याला याने काही बिघडत नाही. गाडीच्या चाकावर दोन किलोंचे वजन असल्याने तिचे बिघडते. येथेच बाजारातील सर्वांत प्रसिद्ध सापळा आहे : चारशे-पाचशे रुपयांना मिळणारा तीस अँपिअरचा ड्रोनचा किंवा विमानाचा ईएससी. तो एकाच दिशेने फिरवतो, मागे जात नाही, ब्रेक नीट लावत नाही, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होण्याच्या भरवशावर बनवलेला असतो. बीएलहेली-एस फर्मवेअर असलेले काही नियंत्रक संगणकाला जोडून दोन्ही दिशांना फिरवता येतात, आणि एएम३२ या मुक्त फर्मवेअरने गाड्यांचाही विचार केला आहे. पण यासाठी जोडणीची तार, संगणक आणि धीर असे तिन्ही लागतात. हवेत न उडणाऱ्या गाडीसाठी गाडीचाच ब्रशलेस नियंत्रक घ्यावा, आणि तो परवडत नसेल तर ब्रश्डवरच थांबावे, हे मत कदाचित जुनाट वाटेल. पण अडीच हजारांच्या आतल्या संपूर्ण संचात ब्रशलेसचे फायदे क्वचितच पदरात पडतात. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी मुक्त केलेला व्हेस्क नियंत्रक मोटरीचा प्रवाह अचूक मोजून मंद वेगातही गुळगुळीत चालवतो, परंतु त्याची किंमत या लेखाच्या कक्षेबाहेरची आहे.

नियंत्रक आणि बॅटरी यांचा संबंध दोन बाजूंनी महागात पडतो. लिपोचा सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि तीन व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. चांगला नियंत्रक सेलमागे सव्वातीन-तीन व्होल्टच्या आसपास मोटरीचा जोर कमी करून थांबतो. वर सांगितलेल्या नाव नसलेल्या डबीत ही सोय बहुधा नसते, आणि चारशे रुपयांच्या डबीने पंधराशेची बॅटरी मारली तर बचत कोठे झाली हा प्रश्न उरतो. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या जोडणीत खोचायचा, शे-दीडशे रुपयांचा आवाज करणारा लिपो अलार्म हे त्यावरचे उत्तर आहे, आणि ते पुरेसे आहे. दुसरीकडे, नियंत्रकावर साठ अँपिअर असले तरी बॅटरीने ते द्यायला हवेत : २२०० मिलिअँपिअर-तासाची २५सी बॅटरी कागदावर ५५ अँपिअर देते, तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेला १८६५० जातीचा सेल चार-पाच अँपिअरपुढे दमतो आणि तापतो. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी सहज मिळते, सहज दुरुस्त होत नाही पण सहज बिघडतही नाही. मात्र दोन किलोंच्या पुढे असलेले तिचे वजन ओढण्यातच अर्धा प्रवाह जातो.

नियंत्रकाच्या पोटात आणखी एक छोटे यंत्र असते, बीईसी नावाचे. बॅटरीच्या व्होल्टेजमधून रिसीव्हर आणि सर्वोसाठी पाच-सहा व्होल्ट काढून देणे हे त्याचे काम. स्वस्त नियंत्रकांत ते रेषीय पद्धतीचे असते, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत जाळते : तीन सेलवर एक अँपिअर दिला तर ६.१ वॅट नुसते तापण्यात जातात. मोठ्या सर्वोने एकदम दोन अँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि वळणावर गाडी ताब्यातून जाते. लोक याला सिग्नल गेला म्हणतात आणि नवा ट्रान्समीटर घेतात. दोनशे रुपयांचा स्वतंत्र स्विचिंग बीईसी लावून नियंत्रकाची लाल तार रिसीव्हरपासून काढून टाकली की हा दोष जातो.

उष्णतेचा हिशोब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. एच-ब्रिजच्या वाटेत दहा मिलिओहम रोध धरला तर दहा अँपिअरला एक वॅट, वीसला चार आणि चाळीसला सोळा वॅट होतात. त्यात मॉस्फेट जसा तापतो तसा त्याचा रोध वाढतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात बिघाड फार वेगाने येतो. नगरच्या उन्हाळ्यात चाळीस अंशांवर गेलेल्या हवेत, वर प्लास्टिकची बंद बॉडी घातलेल्या गाडीत, छापील आकड्याच्या निम्म्यावर थांबणे शहाणपणाचे असते. येथील कोरडी धूळ छोट्या पंख्यात शिरून तो अडकवते आणि पावसाळ्यातील काळी माती हीट सिंकच्या पात्यांत थापली जाते. पंखा असलेल्या महाग नियंत्रकापेक्षा पंखा नसलेला, रेझिनमध्ये बंद केलेला नियंत्रक या मातीत जास्त काळ टिकतो. तारा वाढवायच्याच असतील तर मोटरीकडच्या वाढवाव्यात. बॅटरीकडच्या लांब झाल्या की स्विचिंगमुळे उसळणारे व्होल्टेज नियंत्रकातील कपॅसिटरला सोसावे लागते. ब्रश्ड मोटरीच्या टोकांवर आणि अंगावर १०४ क्रमांकाचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करणे हा काही रुपयांचा खर्च आहे, आणि ब्रशच्या ठिणग्यांमुळे रिसीव्हर बावचळण्याचे प्रकार त्याने कमी होतात.

खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठ हे जुने बाजार आजही उपयोगी आहेत, कारण तेथे वस्तू हातात घेऊन मॉस्फेट मोजता येतात आणि तारेची जाडी पाहता येते. अहिल्यानगर, संगमनेर किंवा लोणीच्या महाविद्यालयांतील मुले आता बहुधा पुण्याहून कुरिअरने माल मागवतात, आणि तेथे चित्रावर विसंबावे लागते. अशा वेळी अँपिअरच्या आकड्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : सतत प्रवाह वेगळा दिला आहे का, मोटरीची मर्यादा सांगितली आहे का, आणि लिपोचा कट-ऑफ आहे का. तिन्हींची उत्तरे नसतील तर ती वस्तू ३८० आकाराच्या लहान मोटरीपुरतीच मानावी.

जुने किंवा दुरुस्त केलेले नियंत्रक घेण्यास हरकत नाही. मॉस्फेट बदलणे हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्यालाही जमते. परंतु मॉस्फेट जळतो तेव्हा तो बहुधा तुटत नाही, शॉर्ट होतो, आणि एच-ब्रिजमधील तिरप्या जोडीतले दोन्ही शॉर्ट झाले तर बॅटरी जोडताच मोटर रिमोटला न विचारता पूर्ण वेगाने सुटते. म्हणून प्रत्येक नव्या वा दुरुस्त नियंत्रकाची पहिली जोडणी गाडीची चाके जमिनीपासून वर उचलून, बॅटरीच्या तारेत फ्यूज घालून करावी. आणि ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून मोटर खरोखर थांबते की नाही, हे गाडी मैदानात उतरवण्यापूर्वीच तपासावे.